खेळाडूंची अदलाबदल : हिशेब कसा मांडावा ?



वैशाखाची संध्याकाळ, दिवसभर तापलेले अंगण आणि घरोघरी पडद्यावर रंगात आलेला क्रिकेटचा सामना, अशा वेळी आपण सामना सोडून व्याख्यान ऐकावयास आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानले पाहिजेत. या व्यासपीठावर मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होतो. त्या मानाने आमचा विषय काहींना हलका वाटेल. एका संघाने आपला खेळाडू दुसऱ्या संघाला दिला आणि बदल्यात त्यांचा घेतला, तर तो सौदा फायद्याचा झाला की तोट्याचा, हे ओळखावे कसे, एवढाच आमचा प्रश्न आहे. पण हा निवाडा आपण सगळेच रोज करीत असतो. बिटकोच्या चौकात चहा पिताना करतो, गाडीची वाट पाहताना फलाटावर करतो, आणि बहुधा चुकीचा करतो. तो का चुकतो हे सांगावे म्हणून आज उभे राहिलो आहोत.

दुसऱ्याच्या चुका सांगण्यापूर्वी माणसाने आपली सांगावी. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी आम्ही याच परिसरातील एका हौशी हॉकी संघाचे कार्यवाह होतो. संघ कसला, अकरा मुले, सात काठ्या आणि चार उसन्या काठ्या ! आमच्याकडे एक चांगला फुलबॅक होता. वय एकोणीस, बोलणे कमी, काठी मात्र भिंतीसारखी. तथापि आमच्याकडे गोल करणारा कोणी नव्हता. शेजारच्या वस्तीतील संघाकडे दोन सेंटर फॉरवर्ड होते आणि बचाव कच्चा होता. दोन्ही कार्यवाह एका संध्याकाळी बसले आणि अदलाबदल करून उठले. आमचा फुलबॅक तिकडे गेला, त्यांचा सेंटर फॉरवर्ड इकडे आला. त्या वर्षी स्पर्धेचा चषक आम्ही जिंकला. लोकांनी आमची पाठ थोपटली, आणि आम्हीही पुढे कित्येक वर्षे ती थोपटून घेत राहिलो.

वस्तुस्थिती अशी होती की, अंतिम सामन्यात आमच्याविरुद्ध जो संघ होता त्याचे दोन खंदे गडी कामावरची पाळी न सुटल्यामुळे मैदानावर पोचलेच नाहीत. आमच्या नव्या सेंटर फॉरवर्डने त्या दिवशी एकही गोल केला नाही. चषक मिळाला हे खरे, अदलाबदल झाली हेही खरे. परंतु अदलाबदलीमुळे चषक मिळाला, हे खरे नव्हते. ही गोष्ट कबूल करायला आम्हाला वीस वर्षे लागली. त्या फुलबॅकचे काय झाले, ते शेवटी सांगू.

श्रोतेहो, आता आपल्या सर्वांच्या माहितीतील एक उदाहरण घेऊ. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान डावखुरा जलदगती गोलंदाज म्हणून भारतभर गाजला, हे आपण जाणताच. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा लिलावात बंगलोरने त्याला साडेचार लाख डॉलर देऊन घेतले. कर्नाटकचा फलंदाज रॉबिन उथप्पा मुंबईने आठ लाख डॉलरला घेतला. पहिला मोसम झाला. मुंबई आठ संघांत पाचवी आली, बंगलोर सातवे आले. २००९ च्या मोसमापूर्वी दोन्ही संघांनी अदलाबदल केली. झहीर मुंबईकडे आला, उथप्पा बंगलोरकडे गेला. या स्पर्धेतील खेळाडूंच्या अदलाबदलीचा तो आरंभच म्हटला पाहिजे.

लगेच बेरीज-वजाबाकी सुरू झाली. आठ लाखांचा देऊन साडेचार लाखांचा घेतला, म्हणजे मुंबई फसली, असे कोणी म्हणाले असेल. पण लिलावातील किंमत आणि संघातील मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिन्नरकडचा एखादा जुना शेतकरी बैलबाजारात बैल बदलायला गेला, तर तो काय पाहतो ? समोरच्या बैलाची शिंगे, खांदा, दात हे तर पाहतोच. पण त्याच्या मनात सारखा असतो तो घरी दावणीला राहिलेला दुसरा बैल. त्याच्याशी हा जुळेल काय ? एक उंच आणि एक बुटका असला तर जू तिरके होते आणि दोन्ही बैल चांगले असून नांगरट वाईट होते. बैलाला एकट्याला किंमत असते. जोडीत त्याला मोल येते. खेळाडूचेही तसेच आहे. मुंबईकडे सचिन तेंडुलकर आणि जयसूर्या यांच्यासारखे फलंदाज होते. नव्या चेंडूवर डाव्या हाताने मारा करणारा, आणि विशेष म्हणजे भारतीय, गोलंदाज त्यांना हवा होता. कारण संघात एका वेळी चारच परदेशी खेळाडू उतरविता येतात. तेव्हा अदलाबदलीचा पहिला प्रश्न 'कोण अधिक चांगला ?' हा नसून 'आपल्याला काय कमी आहे ?' हा आहे.

दुसरा प्रश्न असा की, हिशेबात सगळ्या रकमा धरल्या आहेत काय ? त्याच सुमारास मुंबईने आणखी एक अदलाबदल केली होती. आशिष नेहरा दिल्लीला दिला आणि शिखर धवन घेतला. आता दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. मुंबईने एक डावखुरा जलद गोलंदाज दिला आणि एक डावखुरा जलद गोलंदाज घेतला. एक फलंदाज दिला आणि एक फलंदाज घेतला. म्हणजे खरा सौदा उथप्पा आणि नेहरा यांच्या बदल्यात झहीर आणि धवन असा होता. ज्याने फक्त झहीर-उथप्पा एवढेच पाहिले त्याला मुंबईला गोलंदाज मिळाल्याचे दिसले, गेलेला गोलंदाज दिसला नाही. घरात आलेली वस्तू सर्वांना दिसते. गेलेल्या वस्तूची रिकामी जागा गृहिणीलाच ठाऊक असते.

आता निकाल पाहू. २००९ चा मोसम, सार्वत्रिक निवडणुकांमुळे, दक्षिण आफ्रिकेत झाला. झहीरच्या खांद्याला दुखापत झाली. तिकडे नेहराने दिल्लीसाठी १९ बळी घेतले आणि दिल्ली साखळीत पहिली आली. मुंबई पाचवरून सातवर घसरली. बंगलोरने सातवरून थेट अंतिम सामना गाठला आणि तो अवघ्या सहा धावांनी गमावला. त्या मे महिन्यात कोणालाही विचारले असते तर त्याने बोट दाखवून सांगितले असते की बंगलोर जिंकले आणि मुंबई बुडाली.

पण थांबा. बंगलोर वर चढले ते उथप्पामुळे काय ? त्या मोसमात उथप्पाला सूर सापडला नव्हता. बंगलोरला वर नेण्यात मोठा वाटा होता तो मधल्या काळात कर्णधारपद हाती घेतलेल्या अनिल कुंबळेचा. त्याने २१ बळी घेतले आणि अंतिम सामन्यात १६ धावांत चार गडी टिपले. कुंबळे अदलाबदलीत आलेला नव्हता. आमच्या हॉकी संघाच्या चषकासारखाच हा प्रकार झाला. एक गोष्ट आधी घडली आणि दुसरी मागाहून घडली, एवढ्यावरून पहिलीला दुसरीचे कारण ठरवायचे, हा निवाडा करणाऱ्याचा सर्वांत जुना दोष आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, हे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेले नाही.

पुढच्या वर्षी काय झाले ? २०१० मध्ये मुंबई साखळीत पहिली आली. उपांत्य सामन्यात तिची गाठ कोणाशी पडावी ? बंगलोरशीच ! नवी मुंबईच्या मैदानावर मुंबईने तो सामना ३५ धावांनी जिंकला. मग अंतिम सामन्यात मात्र ती चेन्नईकडून २२ धावांनी हरली. त्याच वर्षी उथप्पाने बंगलोरसाठी ३७४ धावा झोडपल्या. म्हणजे पहिल्या वर्षी दोघांपैकी कोणाचाच फारसा उपयोग झाला नव्हता. दुसऱ्या वर्षी उथप्पाला सूर सापडला, मुंबईचीही घडी बसली, आणि समोरासमोर आल्यावर विजय झाला तो पहिल्या वर्षी फसल्या म्हटलेल्या मुंबईचा. हिशेबाची वही मे २००९ मध्ये बंद केली असती तर एक निकाल, एप्रिल २०१० मध्ये बंद केली तर दुसरा.

आणि २०११ मध्ये मोठा लिलाव झाला तेव्हा झहीर नऊ लाख डॉलरला पुन्हा बंगलोरकडेच गेला, तर उथप्पाला पुण्याच्या संघाने एकवीस लाख डॉलरला उचलले. ज्याच्यासाठी एवढी चर्चा झाली तो दोन वर्षांचा संसार होता ! शिखर धवनचा मुंबईत जम बसला नाही. त्यालाही २०११ मध्ये हैदराबादने घेतले, आणि पुढे याच स्पर्धेत त्याने सहा हजारांहून अधिक धावा केल्या. मग धवनला घेणे ही चूक होती, की सोडणे ही चूक होती ? म्हणून तिसरा प्रश्न असा : किती काळाचा हिशेब मांडायचा ? आणि तो काळ निकाल लागण्यापूर्वी ठरवला पाहिजे. नाही तर आपल्या आवडीचा निकाल ज्या दिवशी येतो त्याच दिवशी आपण वही मिटतो.

आता थोडे दूर जाऊ. हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान येते. पण कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. तेथे खेळाडूंची अदलाबदल ही फार जुनी प्रथा आहे. तेथील वेन ग्रेट्झ्की म्हणजे आपल्याकडचा तेंडुलकर समजा. त्याच्या एडमंटन शहराच्या संघाने १९८४, ८५, ८७ आणि ८८ असा चार वेळा स्टॅन्ली चषक जिंकला होता. ९ ऑगस्ट १९८८ रोजी त्या संघाने त्याला आणखी दोघांसह अमेरिकेतील लॉस एंजल्सला देऊन टाकले. बदल्यात जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना हे दोन तरुण खेळाडू, तीन वर्षांच्या पहिल्या निवडीचे हक्क आणि दीड कोटी डॉलर मिळाले. देशात हलकल्लोळ झाला. सरकारने हा सौदा थांबवावा, अशी मागणी तेथील संसदेच्या एका सदस्याने केली, यावरून लोकांच्या भावनेची कल्पना यावी.

झाले काय ? ग्रेट्झ्कीवाचून एडमंटनने १९९० मध्ये पाचव्यांदा चषक जिंकला. लॉस एंजल्स ग्रेट्झ्कीसह १९९३ मध्ये अंतिम फेरीत पोचले आणि मॉन्ट्रियलकडून हरले. त्याच्या काळात त्यांना चषक मिळाला नाही. मग एडमंटनचे शहाणपण सिद्ध झाले म्हणावे काय ? त्यातही मौज आहे. जो कार्सन बदल्यात आला होता, त्याला एडमंटनने सुमारे सव्वा वर्षात डेट्रॉइटला देऊन टाकले आणि त्याच्या बदल्यात आलेल्या क्लिमा, ग्रेव्हज, मर्फी या गड्यांनी १९९० च्या चषकाला हातभार लावला. म्हणजे एका सौद्याच्या पोटात दुसरा सौदा होता. इकडे लॉस एंजल्सला चषक मिळाला नाही, पण ज्या उन्हाच्या प्रदेशात बर्फ पाहायला मिळत नाही तेथे या खेळाची गोडी वाढली, आणि पुढल्या पाचएक वर्षांत कॅलिफोर्नियात आणखी दोन संघ उभे राहिले. संघमालकाच्या वहीत लाभ, एडमंटनच्या चषकात लाभ, कॅलिफोर्नियातील पोराबाळांनाही लाभ. आणि तरीही ज्या गावाने त्याला अंगाखांद्यावर वाढवले त्या गावाच्या काळजात एक खड्डा. या सगळ्यांची बेरीज एकाच आकड्यात कशी करणार ? म्हणून आमचा चौथा प्रश्न असा : हिशेब कोणाच्या वतीने मांडायचा ? मालकाच्या, संघाच्या, खेळाच्या, की प्रेक्षकाच्या ? उत्तर देण्यापूर्वी आपण कोणाच्या खुर्चीत बसलो आहोत, ते सांगितले पाहिजे.

प्रेक्षकाच्या खुर्चीबद्दल बोलणे प्राप्त आहे, कारण आपण सगळे तेथेच बसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणले. 'परत' म्हणण्याचे कारण असे की, २०१५ मध्ये त्याला दहा लाख रुपयांत उचलले होते ते मुंबईनेच. २०२२ मध्ये तो गुजरातकडे गेला, कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी विजेता आणि दुसऱ्या वर्षी उपविजेता ठरला. या वेळी बदल्यात माणूस नव्हता, पैसा होता. आणि त्या पैशाची सोय व्हावी म्हणून कॅमेरॉन ग्रीनला बंगलोरला देण्यात आले. डिसेंबरमध्ये ज्या रोहित शर्माने पाच वेळा मुंबईला विजेतेपद मिळवून दिले, त्याच्याऐवजी हार्दिकला कर्णधार केल्याचे जाहीर झाले.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. २०२४ च्या मोसमात हार्दिक मैदानावर आला की लोक हुर्यो उडवू लागले. अहमदाबादेत उडवली हे एक वेळ समजू; पण वानखेडेवर, घरच्या मैदानावर, घरच्याच कर्णधाराची उडवली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्याची विनंती करावी लागली. मुंबई चौदांपैकी चारच सामने जिंकून दहा संघांत दहावी आली. सौदा फसला, असा शिक्का बसला.

त्यानंतर महिना-दीड महिन्याच्या आत, २९ जून २०२४ रोजी, बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक रोहितने त्याच हार्दिकच्या हाती दिले. दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून वानखेडेवर आली, तेव्हा त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयजयकार झाला. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, मुंबई त्याच्याच नेतृत्वाखाली दहावरून चौथ्या क्रमांकावर आली आणि अंतिम सामन्यापासून एक पाऊल दूर राहिली.

आम्ही असे म्हणत नाही की तो सौदा योग्यच होता. कर्णधार बदलताना जुन्या कर्णधाराचा मान आणि नव्याची वाट या दोन्ही गोष्टी अधिक जपता आल्या असत्या, असे आम्हाला वाटते. आमचे म्हणणे इतकेच की, एप्रिलमध्ये हुर्यो उडवणारा आणि जुलैमध्ये जयजयकार करणारा प्रेक्षक एकच होता, आणि दोन्ही वेळा त्याने हिशेब मांडला नव्हता. त्याने फक्त शेवटचा आकडा वाचला होता. आणि सौदा केला संघाच्या चालकांनी, शिव्या खाल्ल्या खेळाडूने ! अदलाबदल पसंत नसेल तर ज्याने ती केली त्याला जाब विचारावा. बैल बदलला म्हणून कोणी बैलाला चाबूक मारतो काय ?

येथे आम्ही त्या पाचव्या आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाशी येऊन पोचतो. निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवशी काय माहीत होते ? झहीरचा खांदा दुखावेल हे मुंबईला ठाऊक नव्हते. कोणाची पाळी सुटणार नाही हे आम्हालाही ठाऊक नव्हते. त्या दिवशीची गरज खरी होती काय, देताना काय जाते याचा विचार केला होता काय, किती काळासाठी हे ठरले होते काय, एवढे पाहून निवाडा करावा. पुढचा निकाल हा त्या शहाणपणाचा आणि दैवाचा मिळून असतो. त्यातले दैव वजा केल्यावाचून शहाणपणाला गुण देऊ नयेत, आणि दोषही देऊ नयेत. घरातील मुलाने पुरता विचार करून एखादी नोकरी धरली आणि दोन वर्षांत तो कारखानाच बंद पडला, तर आपण त्याला मूर्ख म्हणतो. हा अन्याय मैदानापुरता राहत नाही, तो घरात शिरतो. म्हणून हा विषय आम्हाला हलका वाटत नाही.

आता त्या फुलबॅकची गोष्ट. चषकाच्या आनंदात आम्ही त्याला विसरलो. पंचवीसएक वर्षांनी याच नाशिक रोडच्या स्टेशनावर तो भेटला. केस पिकलेले, बरोबर मुलगी. आम्ही म्हणालो, "अरे, तुला तिकडे धाडलं, त्याचा राग नाही ना राहिला ?" तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, मी गेलोच असतो. तिकडं मला खेळायलाही जास्त मिळालं. पण तुम्ही नुसतं विचारलं असतं, तरी पुरे होतं. मला चहाच्या टपरीवर कळलं." गाडी आली, तो गेला.

पाहा, सौदा त्याच्याही लाभाचा ठरला होता. आमच्या वहीत चषक होता, त्याच्या वहीत जास्त सामने होते, शेजारच्या संघाचा बचाव सुधारला होता. सगळीकडे जमाच जमा. आणि तरीही त्या वहीत एक रक्कम मांडायची राहिली होती. आजच्या नियमांप्रमाणे आयपीएलमध्ये अशा अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते, ही चांगली गोष्ट आहे. पण नियम कागदावर सही मागतो. विचारपूस मागत नाही. ती माणसांनी माणसांची करायची असते.

आपल्या या गावातून दरवर्षी मुले कोणत्या ना कोणत्या संघाकडे जातात. कोणी कबड्डीसाठी, कोणी क्रिकेटसाठी, कोणी खेळावर नोकरी मिळते म्हणून. बाहेरून येथे येणारेही आहेत. त्यांच्याविषयी आपण कट्ट्यावर बोलतो तेव्हा एवढे लक्षात ठेवावे : गरज काय होती, गेले काय, हिशेब किती काळाचा, कोणाच्या वतीने, आणि त्या दिवशी ठाऊक काय होते. या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की सौदा बरा की वाईट, हे बहुतेक कळते. आणि ज्याची अदलाबदल झाली त्याला कोणी विचारले होते काय, या सहाव्या प्रश्नाने सौद्याचा नव्हे, सौदा करणाऱ्यांचा निवाडा होतो. आमचा आम्ही केला आहे; तो आमच्या विरुद्ध गेला आहे.

 घरी सामन्याची शेवटची षटके अजून राहिली असतील.